काळ्या कार्डामागचं नाव

आक्का, अन्याय कोणावर झाला ते आधी नावानिशी लिहिते. कौसल्या पगारे हिच्यावर, म्हणजे तुझ्यावर झाला. कधी? आणीबाणी उठल्यानंतरची दुसरी संक्रांत, तिच्या आदल्या दिवशी, दुपारी सव्वातीन वाजता. कुठे? नाशिकात, मेन रोडजवळच्या एका मंगल कार्यालयात, महिला मंडळाच्या विक्रीच्या टेबलामागे. साक्षीदार कोण? मी. तुझा पेन्सिलींचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन मी तुझ्याच शेजारी बसले होते आणि सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, कारण चार वाजता मला कॉलेजात सभेला पोचायचं होतं. म्हणून वेळ इतकी पक्की सांगता येते.

तू गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. विहारात सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. शांत होती, कष्टाळू होती, कधी कुणाला उलटून बोलली नाही. मी मागे उभी राहून ऐकत होते आणि संतापत होते. उलटून बोलली नाही? मला तर तू सहा वर्षं उलटूनच बोललीस. ही कुठली भलतीच बाई त्यांनी पुरली?

ज्यांनी ती कार्डं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी लिहाव्या लागतील. बारा महिने आपल्याकडे काळ्याला सणात थारा नसतो, फक्त संक्रांतीला तो अंगावर चालतो. ते ओळखून मंडळाच्या सुमतीबाईंनी चंद्रकळेसारखी कार्डं काढली. काळा जाड कागद दुमडायचा, त्यावर लाकडी ठशाने पांढऱ्या रंगात, नुसत्या कडांची, शेवंतीची, जाईची, कण्हेरीची फुलं उमटवायची, ती वाळली की पाकळ्यांत रंगीत पेन्सिल भरायची. आत तिळगुळाची ओळ. लोक पाकिटात हलव्याचे चार दाणे घालून लांबच्या नातेवाइकांना टपालाने पाठवत. आणि मागच्या बाजूला, कोपऱ्यात, रंगवणारीचं नाव पांढऱ्या अक्षरात: ‘हस्ते’ अमुक. ह्या ‘हस्ते’चा सुमतीबाईंना फार अभिमान. प्रत्येक कार्डामागे एका भगिनीचा हात, असं त्या प्रत्येक भाषणात म्हणत.

तर त्या दिवशी मोत्याच्या कुड्या घातलेल्या एक बाई टेबलाशी थांबल्या. त्यांनी शेवंतीचं कार्ड उचललं, लांब धरलं, जवळ धरलं.

“अगंबाई! ही कुणी रंगवली हो? आतून दिवा लावल्यासारखी दिसतेय.”

तू उठायला लागलीस. पूर्ण उठली नव्हतीस, गुडघे अजून वाकलेले होते. सुमतीबाईंचा हात तुझ्या खांद्यावर आला आणि तू खाली बसलीस. बसवली गेलीस. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की प्रेमाने ठेवलाय हात.

“ही होय? ही आमची कौसल्या. पेन्सिली फार छान तासते.”

कुड्यावाल्या बाईंनी कार्ड उलटलं. “प्रमिला कोण मग?” आणि पाकिटांना डिंक लावणाऱ्या प्रमिलाताई उभ्या राहून नमस्कार करत्या झाल्या. त्यांनी जन्मात त्या फुलांना पेन्सिल लावली नव्हती. त्यांचे कान लाल झाले होते, तेवढं त्यांच्या बाजूने नोंदवते.

मी काय केलं? मी डब्याचं झाकण लावलं. एवढंच केलं, आक्का. वसतिगृहाच्या फाटकावर घसा बसेपर्यंत घोषणा देणारी मी, डब्याचं झाकण लावलं आणि ते नीट बसलं की नाही हे अंगठ्याने दाबून बघितलं.

नाशिकरोडच्या बसमध्ये मला कंठ फुटला. “आक्का, तू गप्प का बसलीस?”

“तू बी गपच व्हतीस की. तोंड तर तुझंच मोठं.”

“किती दिवस चाललंय हे? प्रमिलाचं नाव?”

“पयल्यापासून.”

“आणि तू चालवून घेतलंस?”

“त्या म्हनल्या, सणाचं कार्ड हाय, लोक देवापुढं ठिवतात. पगारे वाचल्यावर ठिवतील का? मी म्हनलं, नुसतं कौसल्या लिवा. तर म्हनल्या, मग लोक आडनाव इचारतील.” तू खिडकीबाहेर बघत होतीस. “प्रमिलाचं अक्षर चांगलं हाय पण. तिचा ‘ल’ बघितलास का? माझ्यानं नसता आला तसा.”

मला त्या क्षणी सुमतीबाईंपेक्षा तुझा राग आला होता. खरं ते लिहिते. अजूनही थोडा आहे.

पण नाव कुणाचंही लिहिलं, तरी तुझं कार्ड लपत नव्हतं. तू डावखुरी. उजव्या हाताने रंग भरणाऱ्या बाईच्या बारीक रेघा वरून खाली डावीकडे उतरतात. तुझ्या उजवीकडे उतरायच्या. कार्ड उजेडात जरा तिरकं धरलं की पाकळीपाकळीत तो उलटा पाऊस दिसतो. हात फासू नये म्हणून तू सुरुवातही उजव्या टोकाच्या फुलापासून करायचीस आणि तळव्याखाली एक कागद ठेवायचीस. मंडळातल्या बाया त्यावरूनही बोलत. “शुभेच्छा डाव्या हाताने रंगवतेस होय गं?” तू म्हणायचीस, “उजवा जेवायला ठिवलाय.” त्या हसत. आणि तुझीच कार्डं आधी संपत.

पुढचं माझ्या गुन्ह्याचं. ते मी गाळणार नाही.

मी पत्रक लिहिलं. संक्रांत उतरायच्या आत लिहिलं. मला तेव्हा दुसरं काही येत नव्हतं, आताही फारसं येत नाही. रात्रशाळेचं असो की रॉकेलच्या रांगेचं, मी पत्रक लिहायची, छापखान्यात शाईने हात काळे करून घ्यायची आणि वाटायची. तुला वाचून दाखवलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस. हात थांबवला नाहीस.

“चांगलं लिवलंय. माझं नाव काढ.”

“नावासाठीच तर लिहिलंय!”

“मंगल, माझं ऐक. मंडळाचं लिव, सुमतीबाईचं लिव, सगळं लिव. माझं नाव काढ. मला तिथं बसायचं हाय. मला ते काम आवडतं गं.”

“काम आवडतं म्हणून अपमान गिळायचा?”

“गिळती मी हाय का तू?”

मी म्हटलं, काढते. आणि छापखान्यात जाऊन जुळाऱ्याला सांगितलं की नाव सगळ्यात मोठ्या टाइपात बसव. ‘ही फुलं कौसल्या पगारे यांची आहेत!’ शेवटी उद्गारचिन्ह. मला वाटलं, छापलेलं बघितलं की हिची भीड चेपेल. मला वाटलं, हिच्या भल्याचं हिच्यापेक्षा मला जास्त कळतं. सुमतीबाईंनाही अगदी हेच वाटत होतं. आमच्या दोघींत फरक इतकाच की त्यांनी तुझं नाव तुला न विचारता पुसलं आणि मी तुला न विचारता छापलं.

पत्रक मंडळाच्या दारातच वाटलं. चौथ्या दिवशी तुला काढलं. ओरडून नाही हां. चहा देऊन. “कौसल्याबाई, आता तुमचं नाव मोठं झालं. आमच्या टेबलाशी कशा बसाल?” पहिल्यांदाच ‘बाई’ म्हणाल्या, पहिल्यांदाच ‘तुम्ही’. तू घरी आलीस तेव्हा पदराच्या गाठीत पेन्सिलींचे सात तुकडे होते आणि ज्याने तू त्या तासायचीस ते अर्धं ब्लेड. मी तुमच्या ओट्यावर उभी होते. विजयी चेहऱ्याने उभी होते, देवा शपथ. मला वाटलं होतं तू बाणेदारपणे राजीनामा देऊन आलीस.

“छापलंस ना नाव?” तू म्हणालीस. “आता त्याचं मी काय करू? त्यात रंग भरू का?”

आणि दार लावून घेतलंस. आपल्या वसाहतीत दिवसा कुणी दार लावत नाही.

सात महिने तू माझ्याशी बोलली नाहीस. नळावर आपल्या घागरी शेजारी शेजारी असायच्या. माझ्या आईशी बोलायचीस, माझ्याकडे बघत माझ्या आईला विचारायचीस, “पुढारीण कशी हाय तुमची?” मी क्षमा मागितली नाही. मला वाटत होतं, तत्त्वतः माझं बरोबर आहे. तत्त्वतः! सात तुकडे आणि अर्धं ब्लेड, आणि मी तत्त्वतः बरोबर.

मग मी काळा कागद आणला. फोटो स्टुडिओत फोटोच्या कागदांच्या पाकिटात काळा कागद गुंडाळलेला असतो, ते लोक तो टाकून देतात. मी तो गोळा केला, इस्त्री फिरवून सरळ केला आणि तुझ्या उंबऱ्यावर ठेवला. तू तो उचललास, बोटांत चोळून बघितलास आणि सात महिन्यांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोललीस. “लय पातळ हाय. फाटंल.” मग जरा वेळाने, “बस.”

ठसा नव्हता. तू बटाटा कापून फूल कोरलंस, पांढऱ्या रंगात बुडवून त्याची कड उमटवलीस. माझ्या हातात लाल पेन्सिल दिलीस. मी भरायला लागले. लाल काही दिसेना. जोर केला तरी नुसता मळकट डाग.

“थेट लाल लावतीस व्हय? काळ्यावर थेट लाल मरतं. आधी पांढरी दे. हलक्या हातानं, दोनदा. मग तिच्यावर लाल.”

मी भडकले. मला त्यात उपदेश ऐकू आला. माझ्या पत्रकावरचा टोमणा ऐकू आला. म्हटलं, “म्हणजे आधी त्यांना बघवेल असं करायचं, मग आपला रंग दाखवायचा? आधी सौम्य बोलायचं, मग खरं? का म्हणून?”

तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मला ताप आलाय.

“बया, मी पेन्सिलीबद्दल बोलतीय.”

पण ते भांडण तिथे संपलं नाही. पुढच्या पाच वर्षांत आपण ते कितीदा उकरलं! मी म्हणायची, लाल आपलं आपल्या जोरावर दिसलं पाहिजे. तू म्हणायचीस, दिसत नाय तर काय करतीस, कागदाला शिव्या देतीस? मी म्हणायची, हो, कागदच बदलायचा. तू म्हणायचीस, बदल की मग, पांढरा आण, पांढऱ्यावर तर कोण बी रंगवतं. तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यात, कावीळ अंगात मुरलेली असताना, तू पिवळ्या डोळ्यांनी मला हाच मुद्दा ऐकवलास. मी उत्तर देणार होते. तेवढ्यात तुझे मालक, भाऊ, औषध घेऊन आले, आणि मी म्हटलं, उद्या सांगते. ते उत्तर अजून माझ्याकडे पडून आहे आणि, आक्का, ते फारसं चांगलंही नाही.

तुझ्या घरच्या कार्डांवर तू कधीच नाव घातलं नाहीस. वसाहतीत फुकट वाटायचीस, बारशाला, पास झालेल्या पोरींना. मी म्हणायची, इथे तरी लिही. तू म्हणायचीस, “इथं समद्यांना ठावं हाय.” मंडळाचं टेबल तुला शेवटपर्यंत आठवायचं. मोठ्या खिडकीचा उजेड, चोवीस पेन्सिलींची पेटी. बाजारात जाताना तू वाट वाकडी करून त्या इमारतीसमोरून जायचीस. मला वाटायचं द्वेषाने जातेस. आता वाटतं, उजेड कसा पडलाय ते बघायला जात होतीस.

आता तुला माहीत नसलेलं सांगते.

तू गेल्यावर नवव्या दिवशी प्रमिलाताई आल्या. केस पांढरे झालेत. मंडळातर्फे आल्या होत्या. भाऊंच्या हातात त्यांनी पाकीट दिलं. आत शोकसंदेशाचं कार्ड. काळं. वर पांढऱ्या कडेची, पिवळी भरलेली शेवंती. भाऊंनी ते उजेडात धरलं मात्र, त्यांचा चेहरा बदलला.

“ही तर तिचीच हायेत.”

तुझीच होती. रेघा उजवीकडे उतरत होत्या. सहा वर्षांपूर्वीची उरलेली संक्रांतीची कार्डं मंडळाने फेकली नाहीत. काळं आहे, फुलं आहेत, मरणाला चालतं. आत तिळगुळाच्या ओळीवर कागदाची पट्टी डकवलेली होती आणि पट्टीवर टाइप केलं होतं: भावपूर्ण श्रद्धांजली. डिंक नीट लागला नव्हता. माझ्या नखाने पट्टी सुटली आणि खालून सुमतीबाईंच्या मंडळाने आम्हाला, तुझ्या नवव्या दिवशी, गोड बोलायला सांगितलं.

मी कार्ड उलटलं. हस्ते सौ. प्रमिला.

“हे तुम्ही आणलंत?” मी विचारलं. “हिच्याच घरी? हिचंच कार्ड, तुमच्या नावाने?”

प्रमिलाताई रडायला लागल्या. “कपाटात सगळी बघितली गं. एवढं सुंदर दुसरं नव्हतं. वाटलं, तिचं तिला पोचावं.”

मला त्यांचं रडणं खरं वाटलं. म्हणून मी तुझ्या डब्यातली पांढरी पेन्सिल काढून त्यांच्यापुढे धरली. “मग खोडा. आत्ता. तुमच्याच हाताने.”

त्यांनी पेन्सिल घेतली. कार्डाकडे बघितलं. मग मागच्या कोपऱ्यातल्या मंडळाच्या शिक्क्यावर बोट ठेवलं आणि पेन्सिल मला परत दिली.

“सुमतीबाईंना विचारावं लागेल.”

मेलेल्या बाईच्या घरात, त्या बाईच्या फुलांवरून स्वतःचं खोटं नाव काढायला विचारावं लागेल! मी कार्ड फाडायला घेतलं. भाऊंनी माझं मनगट धरलं. आजवर त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

“फाडू नको. फुलं तिची हायेत.”

प्रमिलाताई गेल्या. भाऊंनी तुझं ब्लेड शोधलं, पेन्सिलीला टोक काढलं. त्यांचं लिहिणं सहीपुरतं, तुला माहीत आहे. कार्ड मांडीवर उलटं ठेवून त्यांनी प्रमिलाताईंच्या त्या सुंदर ‘ल’वरून दोनदा आडवी रेघ ओढली. खाली लिहायला घेतलं. ‘कौसल्या’ला फार वेळ लागला. मग मान वर करून मला म्हणाले, “पगारे लिवू?”

“लिहा, भाऊ. तेच तर लिहायचं होतं.”

त्यांनी लिहिलं. अक्षर वाकडं आलं, शेवटचा ‘रे’ शिक्क्यावर चढला. ते कार्ड आता तुझ्या फोटोजवळ उभं आहे, पाठ बाहेर करून. फुलं बघायची तर हातात घ्यावं लागतं.

रात्री आईने मला तुझा पेन्सिलींचा डबा दिला, भाऊंनी तिच्याजवळ पाठवलेला. तळाशी घड्यांचा गठ्ठा होता. माझं पत्रक, आक्का. पंधरावीस प्रती. ह्याच कागदांवर तळवा टेकवून तू सहा वर्षं रंगवत होतीस, ह्यांच्यावरच टोकं करून बघत होतीस. एकेक प्रत लाल, निळ्या, हिरव्या रेघोट्यांनी भरलेली. सुमतीबाईंच्या नावावर रेघोट्या, माझ्या जळजळीत वाक्यांवर रेघोट्या, उद्गारचिन्हावर तर पेन्सिल घासून घासून कागद चमकतोय. फक्त तुझ्या नावाची ओळ कोरी आहे. सगळ्या प्रतींत. एक रेघ नाही तिच्यावर. तू ती जपलीस, की तिला शिवायचीसुद्धा तुला किळस आली, हे मला आता कोण सांगणार? सहा वर्षं मी तुझ्या ओट्यावर बसले, आणि हे एक विचारलं नाही. विचारलं असतं तर तू काहीतरी तिखट बोलली असतीस. ते तरी माझ्याकडे असतं.

तेव्हा विचारलं नव्हतं, आक्का, आणि आताही तुला विचारता येत नाही. तरी तुझं नाव मी दुसऱ्यांदा छापतेय. चुकत असले तर ही चूक माझी.

आणि आता तुम्ही, हे वाचणारे. तुमच्या घरात ते कार्ड आहे. ट्रंकेत असेल, जुन्या पत्रांच्या पिशवीत असेल, देवघराच्या फळीवर असेल. काळं, ठशाच्या फुलांचं, संक्रांतीचं. काढा ते. खिडकीशी न्या, तिरकं धरा. पाकळ्यांतल्या रेघा वरून खाली उजवीकडे उतरत असतील तर कार्ड उलटा. मागे जे नाव आहे ते खोडा. शाईने लिहू नका, काळ्यावर शाई दिसत नाही. पांढरी पेन्सिल घ्या, हलक्या हाताने दोनदा गिरवा. कार्ड तुमचं आहे, तुम्हाला कोणालाही विचारावं लागत नाही.

कौसल्या पगारे. पूर्ण लिहा. आडनावासकट लिहा. आणि पुन्हा देवापुढे ठेवा.